बोनस दिला, केक कापला, तरी पोरांचं मन कामात का लागत नाही?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे की बेळगावजवळ मच्छेला चाळीसेक माणसांचं मशीन शॉप आहे, हायड्रॉलिकचे पार्ट करतात. मालकांनी दिवाळीला बोनस दिला, वाढदिवसाला केक सुरू केला, महिन्याचा उत्तम कामगार म्हणून गेटजवळ फोटो लावला, तरी पोरं कार्ड पंच करून आठ तास काढतात आणि जातात. आपणहून कुणी काही सांगत नाही आणि कुठं पाचशे रुपये जास्त मिळाले की बाजूच्या शेडला जातात. तर यांना कामात गुंतवायचं कसं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सत्तावीस वर्षं काढली, आधी फाउंड्रीत शिफ्ट इंजिनिअर, मग मशीन शॉपला प्रॉडक्शन मॅनेजर, आणि आता सहा वर्षं झाली लहान कारखान्यांना ह्याच कामात मदत करतो. त्यामुळं जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, तुम्ही प्रश्न उलट्या बाजूनं धरलाय असं मला वाटतं. पोरांच्यात उत्साह भरायचा कसा हे विचारताय. पण तुमच्याच शेडात नवीन आलेला आयटीआयचा पोरगा आठवा, पहिल्या आठवड्यात तो दहा प्रश्न विचारतो, हे असं का, हा ऑफसेट एवढाच का, जॉब म्हणजे पार्ट पकडून ठेवायचं हे फिक्स्चर कुणी केलं. सहा महिन्यांनी तोच पोरगा एक प्रश्न विचारत नाही. म्हणजे उत्साह घेऊन तो गेटमधून आत आला होता आणि आत आल्यावर कुठंतरी तो संपला. तो कुठं संपला हे शोधलं पाहिजे, बाहेरून आणून ओतायची गरज नसते.

आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तो एकाच ठिकाणी संपतो. त्यानं काहीतरी सांगितलं आणि सांगितल्याचं पुढं काय झालं हे त्याला कधी कळलंच नाही. दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा गप्प बसतो, आणि एकदा गप्प बसला की केकनं बोलत नाही.

एक प्रसंग सांगतो. व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, आमचा व्हॉल्व्ह बॉडीचा जॉब चालायचा, त्यात बोअर म्हणजे आतलं भोक तिरकं येत होतं, शंभरात बारा-पंधरा पीस रिवर्कला, म्हणजे परत दुरुस्तीला. तीन महिने आम्ही मीटिंगा घेतल्या, स्पिंडलचा रनआउट बघितला, टूलवाल्या कंपनीचा माणूस बोलावला, इन्सर्टचा ग्रेड बदलला, काही फरक नाही. शेवटी मी एका संध्याकाळी सेकंड शिफ्टला मशीनसमोर स्टूल टाकून बसलो, काही न बोलता, नुसतं बघत. ऑपरेटर खानापूर भागातला, तिशीतला, शांत गडी. तो प्रत्येक जॉब बसवायच्या आधी खिशातून दात घासायचा जुना ब्रश काढायचा आणि फिक्स्चरच्या रेस्ट पॅडचा, म्हणजे जॉब जिथं टेकतो त्या पॅडचा, एक कोपरा घासायचा, चार पॅडपैकी एकाचाच, तोही एकच कोपरा. मी विचारलं, "हे काय करुलालास रे?"

"चिप अडकून बसतीय की साहेब तिथं. पुसलं न्हाई की जॉब उचलून बसतोय."

"मग सांगितलं न्हाईस कुणाला?"

"सांगितलं की. श्रावणात सांगितलं सुपरवायझरला."

चिप म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस. आता माघ चालू होता. सहा महिने. बाकीच्या दोन शिफ्टला ब्रश नव्हता म्हणून रिवर्क त्यांच्याकडनं यायचं, आणि आम्ही रिपोर्टमध्ये शिफ्टवार आकडे बघून त्या दोन शिफ्टच्या ऑपरेटरना झापत होतो. दुसऱ्या दिवशी टूलरूमनं त्या पॅडच्या कडेला एक खाच मारली आणि खालनं हवेची नळी सोडली, अर्ध्या दिवसाचं काम. रिवर्क जवळजवळ बंद झालं. पण मला जे लक्षात राहिलं ते पुढचं. फिक्स्चर परत मशीनवर चढलं तेव्हा त्याची शिफ्ट संपली होती, तरी तो थांबला, नाइटचा ऑपरेटर आल्यावर त्याला हात धरून नेलं आणि खाच दाखवली, हवा कुठनं येते ते दाखवलं. पुढच्या महिन्यात त्यानं आपणहून आणखी दोन गोष्टी आणल्या, एक तर मशीनच्या पायाशी खडूनं जमिनीवर चित्र काढून समजावली. त्याचा पगार एक रुपयानं वाढला नव्हता. (नंतर वाढवला, तो वेगळा विषय.)

तेव्हापासून मी जिथं जातो तिथं एकच नियम आधी लावतो, सांगितलेल्या गोष्टीला सात दिवसांत उत्तर. उत्तर म्हणजे काम झालंच पाहिजे असं नाही. "नाही, हे आत्ता जमणार नाही, कारण त्याला दोन लाखाचं काम आहे" हे पण उत्तरच, आणि खरं सांगतो, माणसं असं "नाही" ऐकून घेतात. न आलेलं उत्तर मात्र आत कुठंतरी लागून राहतं. त्यासाठी चहाच्या जागेजवळ एक पांढरा बोर्ड लावा, चार रकाने, काय सांगितलं, कुणी सांगितलं, कोण बघणार, कुठल्या तारखेपर्यंत. कोण बघणारमध्ये "मेंटेनन्स" असं लिहायचं नाही, माणसाचं नाव लिहायचं. आणि तारीख उलटली तर खोडून नवीन टाकायची नाही, जुनी तशीच ठेवून शेजारी नवीन लिहायची, म्हणजे उशीर झाला हे सगळ्यांना दिसतं, मालकाला पण.

सूचना पेटी लावू नका. मी लावली होती. कुलूपवाली. किल्ली ऑफिसात कुठंतरी गेली आणि चार महिन्यांनी उघडली तेव्हा त्यात नऊ चिठ्ठ्या होत्या, त्यातल्या तीन बाथरूमच्या बल्बच्या होत्या, एकाच माणसाच्या अक्षरात. ते अक्षर मी ओळखलं, ज्यांचं होतं त्यांना मी रोज नमस्कार करत होतो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

आता पैशाचं. पैसा महत्त्वाचा नाही असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. १९५९ साली अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या दोनेकशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारून एक अभ्यास मांडला होता, कामावर तुम्हाला फार चांगलं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. वाईट वाटण्याच्या गोष्टी निघाल्या त्या कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, पगार, कामाची जागा अशा, आणि चांगलं वाटण्याच्या निघाल्या त्या जमलेलं काम, कुणीतरी घेतलेली दखल, जबाबदारी, पुढं जायची संधी. ह्या दोन याद्या वेगळ्या आहेत हे त्यांचं म्हणणं. त्यावर टीका पण झाली, की माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःला घेतो आणि वाईटाचं खापर कंपनीवर फोडतो, त्यामुळं उत्तरं अशी येणारच, आणि त्या टीकेत तथ्य आहे. पण शेडात मला हे पुष्कळ वेळा जुळलेलं दिसलंय, पगारात गडबड असली तर बाकी काहीही करा उपयोग नाही, आणि पगार नीट असला म्हणून माणूस मनानं कामात आला असंही नाही.

म्हणून आधी गडबड काढा. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळतो का? हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासून आहे, नवीन लेबर कोडमध्येही आहे, आणि तरी आपल्याकडं कितीतरी शेडात सिंगल रेटनं देतात आणि पोरं बोलत नाहीत, पण त्यांना हिशेब येतो हे लक्षात ठेवा. पीएफ कापलेला वेळेत भरला जातो का, आता मोबाइलवर पासबुक दिसतं, कापून न भरलेला महिना पोरगा संध्याकाळी घरी बसून बघतो. आणि बोनस दिला म्हणता, तर ८.३३ टक्के कायद्यानंच द्यायचा असतो, वरची मर्यादा २० टक्के. पात्र कामगाराला ८.३३ दिला म्हणजे आपण देणं दिलं, बक्षीस नाही दिलं, आणि कामगार त्याला बक्षीस समजत नाही ह्यात त्याची चूक नाही.

इन्सेंटिव्हबद्दल जपून. फाउंड्रीत असताना आम्ही मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायच्या कामाला, नगावर इन्सेंटिव्ह लावला, शिफ्टला साच्यांचे इतके बॉक्स झाले की इतके रुपये. दोन आठवड्यात बॉक्स वाढले, सगळे खूश, आणि मग कास्टिंग फोडून बघितल्यावर रिजेक्शन वर गेलेलं, कारण रॅमिंग म्हणजे वाळू ठोकणं घाईत, वेंट म्हणजे हवा जायची भोकं मारायची राहिलेली, साचा नीट साफ न करता बंद केलेला. त्यापेक्षा वाईट म्हणजे खराब साचा कुणी बाजूला काढेना, कारण काढला की नग कमी होतो. चौदाशे डिग्रीच्या आसपासचा बिडाचा (कास्ट आयर्नचा) रस आपण त्या साच्यात ओततो, म्हणजे वीज, माणसं, वेळ सगळं त्यात जातं आणि शेवटी बीड परत भट्टीत. पैसे आम्ही दिले आणि त्या पैशानं माणसांना लपवायला शिकवलं. नंतर तो इन्सेंटिव्ह चांगल्या कास्टिंगवर आणि पूर्ण लाइनला मिळून केला, मोल्डर, कोअरच्या (साच्यात आत बसवायच्या वाळूच्या गाभ्याच्या) बायका, ओतणारे, सगळे एकत्र, तेव्हा कुठं कोअरवाल्या अक्का येऊन सांगायला लागल्या की आज कोअर ओली राहिलीय, ओतू नका.

तिथंच आणखी एक. आमच्याकडं एक जुने मोल्डर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, ते सकाळी वाळूची मूठ वळायचे, मूठ उघडून बोटांचे ठसे बघायचे, मग मधोमध मोडायचे आणि सांगायचे, आज पाणी जास्त हाय. लॅबचा रिपोर्ट दीड तासानं यायचा. ग्रीन सँडला, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूला, ओल साधारण तीन-चार टक्के लागते, वर गेली की कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं. डिप्लोमाचा नवा पोरगा लॅबला होता, तो मामांना हसायचा, मामा त्याला हसायचे. मी काय केलं, महिनाभर रोज सकाळी मामांनी मूठ वळून आकडा सांगायचा आणि पोरानं तो लॅबच्या आकड्याशेजारी लिहायचा. मामा बहुतेक दिवस अर्ध्या टक्क्याच्या आत असायचे. महिन्यानंतर पोरगा स्वतः मूठ वळायला शिकला, आणि मामा लॅबमध्ये जाऊन मीटर कसा चालतो ते बघून आले, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. वाळूचा निर्णय दोघांच्या सहीनं व्हायला लागला. मामांना लिहिता फारसं येत नव्हतं पण सही ते झोकात करायचे. मामांना दर वर्षी शाल देत होतो आम्ही, पण त्या सहीनं त्यांच्यात जो फरक पडला तो शालीनं कधी पडला नव्हता. शालीनं मान मिळत होता, सहीनं त्यांच्या ज्ञानावर कारखाना चालायला लागला.

रजेचं बोलू, कारण आपल्या भागात हा सगळ्यात मोठा भांडणाचा विषय आहे आणि बाहेरनं आलेल्या मॅनेजरला तो कळतच नाही. आपली निम्मी पोरं खानापूर, उचगाव, कडोली, चंदगड अशा बाजूची, घरी दोन-चार एकर भात. जून संपता संपता रोप लावणी सुरू झाली की घरात माणूस लागतो, मग पोरगं न सांगता चार दिवस गायब, आपण पगार कापतो, नोटीस देतो, आणि पुढच्या वर्षी परत तेच. मी आठ वर्षं हेच केलं. मग एका वर्षी मे महिन्यातच सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, लावणी तुमची, डिस्पॅच आपला सगळ्यांचा, एका शिफ्टला इतकी माणसं कमीत कमी लागतात, आता तुम्हीच वाटून घ्या. मी बाहेर गेलो. पाऊण तासानं त्यांनी कागद आणून दिला, कुणाच्या गावात पाऊस आधी लागतो, कुणाचं पाण्याखालचं आहे, कुणाकडं भावकी मदतीला आहे, सगळं धरून केलेला. एचआरला असा कागद जन्मात जमला नसता कारण त्याला हे माहीतच नाही. त्या वर्षी न सांगता गेलेला फक्त एक जण होता, आणि त्याला बाकीच्यांनीच फोन करून बोलावला.

सुपरवायझर हा तुमच्या शेडातला सगळ्यात नाजूक सांधा, त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. आपण काय करतो, सगळ्यात हुशार ऑपरेटर उचलतो आणि त्याला सुपरवायझर करतो, एक चांगला ऑपरेटर गेला आणि माणसं हाताळणं कधी शिकलेला नाही असा सुपरवायझर आला. वरनं डिस्पॅचची बोंब, खालनं पोरांची तक्रार, मग तो तक्रार गिळतो. वर सांगितलेल्या ब्रशच्या प्रसंगातला सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, त्याला मी नंतर विचारलं तर म्हणाला, "साहेब, मीटिंगमध्ये सांगितलं की तुम्ही म्हणताय, पर्याय आण, नुसता प्रॉब्लेम आणू नको." ते वाक्य माझंच होतं. मोठ्या अभिमानानं मी ते सगळ्यांना सांगायचो. म्हणजे सहा महिने तो चिपचा कोपरा माझ्यामुळं अडला होता. तेव्हापासून प्रॉब्लेम नुसता आणला तरी चालेल असं मी स्पष्ट सांगतो, पर्याय आपण मिळून काढू. आणि सुपरवायझरला तीन गोष्टी शिकवा, चारचौघांत झापायचं नाही, कौतुक करताना नेमकं काय चांगलं केलं ते सांगायचं, आणि माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायचं.

भाषेचं पण ह्यातच येतं. आपल्याकडं एका लाइनवर मराठी आणि कन्नड दोन्ही पोरं असतात, आता ओडिशा-बिहारची पण असतात. सुपरवायझर आपल्या भाषेच्या पोरांना आपुलकीनं सांगतो आणि बाकीच्यांना नुसता हुकूम देतो, मुद्दाम नाही, जिभेच्या सवयीनं, आणि त्यातनं गट पडतात. बोर्ड दोन्ही भाषांत लिहा, सेफ्टीच्या सूचना हिंदीत पण. सकाळच्या पाच मिनिटांच्या उभ्या मीटिंगला एक दिवस मराठी पोरानं बोलायचं, एक दिवस कन्नड पोरानं. आम्ही हे केलं तेव्हा पहिले पंधरा दिवस सगळे अवघडले, मग जमलं. तसंच कॉन्ट्रॅक्टच्या पोरांचं, त्यांना चहा वेगळ्या कपात, बूट नाहीत, बोर्डवर नाव नाही, आणि काम तेच, तेवढंच जड. हे मला अजिबात सहन होत नाही. कपापासून सुरुवात करा, एका दिवसात होण्यासारखं आहे.

बढतीचं एक सांगतो, गोष्ट आपल्या गावाशी जोडलेली आहे म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआय ह्या तांत्रिक संस्थेत शिकवत होते, बढती त्यांना डावलून एका अँग्लो इंडियन माणसाला दिली, ते नोकरी सोडून बेळगावला आले, सायकलच्या दुकानातनं चारा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर असं करत करत १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपलं भाग्य की ते इकडं आले, पण त्या संस्थेनं काय घालवलं बघा. डावलल्यावर ज्याच्यात दम आहे तोच आधी उठून जातो, बाकीचे बसून राहतात, आणि मग आपण म्हणतो आमच्याकडं हुशार पोरं टिकत नाहीत. ऑपरेटरचा सेटर (जॉबसाठी मशीन लावून देणारा) कधी होतो, काय काय आलं पाहिजे, पगारात किती फरक पडतो हे भिंतीवर लिहून लावा. कुणाच्या नातेवाइकाला पुढं घ्यायचं असेल तर त्यानंही ती यादी पूर्ण करायची.

पाचशे रुपयांचं तुम्ही लिहिलंय. गेल्या वर्षात सोडून गेलेल्यांपैकी चार-पाच जणांना फोन करा, कारखान्यात नको, बाहेर कुठंतरी चहाला बोलवा, तीन महिने झाल्यावर बोलवा म्हणजे राग उतरलेला असतो. परत या म्हणून आग्रह करायचा नाही, नुसतं विचारायचं. मी हे बऱ्याच कारखान्यांसाठी केलंय आणि पाचशेसाठीच गेलो असं म्हणणारे फार थोडे भेटले. एकानं सांगितलं, बायकोचं बाळंतपण होतं तेव्हा उचल मागितली तर अकाउंटला सगळ्यांसमोर विचारलं, मागची फेडलीस काय. दुसरा म्हणाला, तीन वर्षं एकच मशीन, एकच जॉब, शिकायला काही न्हाई. पाचशे हे सांगायला सोपं कारण असतं, घरी पण आणि तुम्हाला पण.

उत्तम कामगाराच्या फोटोचं मी तुमच्या जागी असतो तर बंद केलं असतं, एकाला खूश करून एकोणचाळीस जणांना रोज गेटवर आठवण करून द्यायची की तुम्ही नाही. केक चालू ठेवा, गोड खायला कुणाची ना नसते, कुंदा आणला तर जास्त चांगलं.

आणि आता सुरुवात. शंभर किंवा जास्त कामगार असले की कायद्याप्रमाणं मालक-कामगारांची समिती नेमायला सरकार सांगू शकतं, तुमचे चाळीस आहेत म्हणजे ते बंधन नाही, पण चार माणसं त्यांनीच निवडलेली, महिन्यातनं एकदा तुमच्यासोबत तासभर बसली तर बरं. ते दुसऱ्या महिन्यात करा. पहिल्या महिन्यात नुसता बोर्ड लावा आणि स्वतः रोज अर्धा तास शेडात एका मशीनजवळ उभे राहा, मोबाइल ऑफिसात ठेवून. पहिला आठवडा बोर्ड कोराच राहील, कुणी लिहिणार नाही, त्यांना वाटेल हे पण चार दिवसांचं आहे. घाबरू नका आणि रागवू नका. तुम्ही विचारा, तुम्ही लिहा. पहिली जी तक्रार येईल ती बहुतेक प्रॉडक्शनची नसेल, पिण्याच्या पाण्याची, पंख्याची नाहीतर संडासच्या दाराच्या कडीची असेल, आणि तुम्हाला वाटेल मी रिजेक्शनबद्दल विचारतोय आणि हे कडीचं सांगतायत. ती कडी त्याच दिवशी, शिफ्ट सुटायच्या आत बसवा.